दगड जरा डावीकडे

१२ जानेवारी २०२५, रविवार. संध्याकाळी ६

लिहायला उशीर झाला त्याबद्दल आधी माफी. कोणाची मागतोय ते ठाऊक नाही, कारण ही वही माझ्याशिवाय कोणी वाचणार नाही. पण वर्षाची पहिली अकरा पानं कोरी गेली आणि कोरं पान बघितलं की मला धडधडतं. क्लास पाच तारखेलाच सुरू झाला. मॅडम म्हणाल्या होत्या, रोज लिहा, आज काय बघितलं, काय चुकलं. माझं काही चुकलं नव्हतं म्हणून लिहिलं नाही.

क्लासचं नाव क्रिएटिव्ह फोटोग्राफी. कर्जत बाजारात, पिठाच्या गिरणीच्या माडीवर. सहा रविवार, सातव्या रविवारी प्रदर्शन. गिरणी चालू झाली की खुर्ची थरथरते आणि लेन्सवर पीठ बसतं. शी. शिकवायला दीक्षा मॅडम, शेलूहून येतात. वय माझ्या सुनेएवढं, पण आवाजात जरब आहे. विद्यार्थी नऊ. आठ जण पंचविशीच्या आतले, नववा मी. एकाहत्तर. प्रवीण म्हणून एक आहे, लग्नात शूटिंग करतो, केसांना काहीतरी चिकट लावतो आणि मला आजोबा म्हणतो. त्याच्या शेजारी बसणार नाही.

माझं शिक्षण सातवी. पण खोपोलीच्या कारखान्यात चौतीस वर्षं वजनकाट्यावर होतो. ट्रक नुसता बघून टन सांगायचो. नजर आधीच तयार आहे, फक्त बटण शिकायचंय. कॅमेरा राजेशचा. पुण्याला गेल्यावर त्याने नवीन फोन घेतला आणि हा इथे कपाटात टाकला. मुलांची ही तऱ्हा.

पहिली असाइनमेंट: न हलणारी एक वस्तू निवडा. रोज त्याच जागेवरून, त्याच उंचीवरून एक फोटो. कॅमेरा तसूभर हलता कामा नये. प्रकाश कसा बदलतो ते बघा.

आधी बायकोचा, सोनाबाईचा विचार केला. ती ओट्यापासून हलत नाही. पण बोलते.

मग दगड निवडला. माझ्या आणि सखाच्या शेतामधल्या बांधावरचा हद्दीचा दगड. सखा माझा धाकटा भाऊ. या बांधावरून आम्ही अकरा वर्षं बोलत नव्हतो. चूक त्याची. गेल्या दिवाळीत त्याच्या माधवीने दोघांना समोरासमोर बसवलं, फराळाचं ताट मधे ठेवलं आणि म्हणाली, आता बोला नायतर मी लगीनच करत नाय. बोललो. आता तिचं लग्न ठरलंय, दोन मार्चला. थोरला चुलता म्हणून पत्रिकेत पहिलं नाव माझं. अकरा वर्षांनी त्याच्या दारच्या मांडवात पुढच्या खुर्चीत बसायचंय. त्याआधी मला काही होऊ नये म्हणजे झालं. बीपीची गोळी वेळेवर घेणे.

१३ जानेवारी, सोमवार

कॅमेरा हलू नये म्हणून बांधाच्या टोकाला तीन बांबू रोवले. हातभर खड्डे, दगडगोटे ठोकून पक्के. वर फळी, फळीला खाच, खाचेत कॅमेरा. बांध सरळ समोर जातो, मधोमध दगड. उजवीकडे माझा वाल, डावीकडे सखाचा. भूकंप आला तरी कॅमेरा हलणार नाही. प्रवीणचा स्टँड वाऱ्याने पडतो.

सखा त्याच्या बाजूने आला. म्हणाला, काय रं दादा, मचाण बांधलंस काय? म्हटलं, कला आहे. म्हणाला, बरं हाय, डुकरं तरी घाबरतील.

अकरा वर्षांत त्याची समज वाढलेली नाही.

१९ जानेवारी, रविवार

अपमान.

सगळ्यांचे फोटो पडद्यावर लावले. एका मुलीने पळसदरी धरणाकाठचा कचरा काढला होता, थर्माकोलच्या प्लेटा, बाटल्या, कोणीतरी टाकलेली एक चप्पल. आम्ही पोटाला चिमटा काढून जगलो आणि ही पोरं खरकट्याला कला म्हणतात. मॅडम म्हणाल्या, सुंदर. मला मळमळलं.

मग माझा दगड. सहा फोटो. मॅडम म्हणाल्या, काका, मेहनत दिसते, पण दगड अगदी मधोमध आहे, ठोकळा वाटतो. चौकटीचे उभे तीन भाग करा, वस्तू मधे नको, एका बाजूच्या रेषेवर आणा. मागून प्रवीण म्हणाला, आजोबांनी दगडाचा पासपोर्ट फोटो काढलाय. सगळे हसले. गिरणीवालासुद्धा खालून हसल्यासारखं वाटलं.

घरी येताना ठरवलं. दगड रेषेवर आणायचाच.

२० जानेवारी, सोमवार. सकाळी ७.३०

अडचण अशी की बांबू पक्के आहेत. कॅमेरा हलता कामा नये हे खुद्द मॅडमचं वाक्य आहे, वहीत लिहून घेतलंय. मग हलवायचं काय राहिलं? दगड.

उजव्या रेषेवर आणावा तर तिथे माझा वाल आहे. शेंगा भरल्यात, तुडवल्या जातील. डावीकडे सखाचा वाल आहे, पण त्याचा तसाही विरळ आहे.

पहार घेतली. दगड हातभर मातीत होता. खाली ओल, गांडुळं, एक गोम. शी शी शी. दीड हात डावीकडे नेला. खड्डा बुजवला, नाहीतर फोटोत दिसतो.

फोटो उत्तम. परत ठेवणारच आहे. आज नाही, कंबर धरलीये.

२३ जानेवारी, गुरुवार

कंबर बरी आहे. पण विचार केला, रोज उचलून रोज परत ठेवला तर मालिकेत सातत्य राहणार नाही. कलेत सातत्य लागतं. दगड क्लास संपेपर्यंत तिथेच राहील. दगडाला काय फरक पडतो?

सोनाबाईने विचारलं, अवं, सकाळच्याला पहार घेऊन कुठं गेलेलात? म्हटलं, असाइनमेंट. ती म्हणाली, फोटोला पहार लागती?

हिला समजावण्यात अर्थ नाही.

२६ जानेवारी, रविवार

मॅडम खूश. पडद्यावर माझा फोटो लावून म्हणाल्या, बघा, आता फोटो श्वास घेतो. सगळ्यांनी मान डोलावली, प्रवीणनेसुद्धा. मी खाली बघत होतो, पण सगळं दिसत होतं.

नंतर बाहेरची असाइनमेंट. सगळ्यांना टेंपोतून लोधिवलीला नेलं, जुन्या हायवेवर. अनोळखी माणसाचा फोटो काढा, त्याच्याशी बोलून, त्याची परवानगी घेऊन. मी एका ट्रकवाल्याला परवानगी मागण्याआधी सवयीने गाडीची चाकं बघत उभा राहिलो. तो खाली उतरला, हात जोडले आणि म्हणाला, साहेब, माल बरोबर हाये, काटा करून आलोय. मी म्हटलं, फोटो काढायचाय. तर तो कागदपत्रंच दाखवायला लागला. शेवटी घाबरून गाडी घेऊन गेला. माझ्या फोटोत नुसता धूर. नाकातोंडात डिझेल.

माणसं नकोत. माणसं हलतात, घाबरतात, पळतात. दगडावरच भर द्यायचा.

पुढची असाइनमेंट: रिकामी जागा. वस्तूभोवती मोकळेपणा हवा. डोळ्याला विश्रांती.

२८ जानेवारी, मंगळवार. दुपार

दगडाभोवती विश्रांती अजिबात नाही. सगळीकडून वालाचे वेल अंगावर आलेत.

नीट विचार करून निर्णय घेतला. हद्दीच्या दगडाच्या अलीकडचं आपलं, पलीकडचं त्याचं. दगड आता जिथे आहे तिथून बघितलं तर निम्म्याहून जास्त वेल माझ्याच बाजूला येतात. आपले वेल आपण उपटले तर त्यात कोणाला विचारायचं? पलीकडचे थोडे उपटावे लागले, पण ते चौकटीसाठी.

वालाचं पान चुरगळलं की जो वास येतो तो बोटांना दोन दिवस राहतो. साबणाने जात नाही. कलाकाराला काय काय सहन करावं लागतं ते बाहेरून दिसत नाही.

शेंगा मात्र चांगल्या निघाल्या. पाटीभर. टाकून देणं पाप म्हणून घरी आणल्या.

३१ जानेवारी, शुक्रवार

सोनाबाईने शेंगा बघितल्या आणि अंगणात पोपटी लावायची ठरवली. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, शेंगा, अंडी, मीठ-ओवा, मडकं उलटं घालून भोवती जाळ. आणि मला न विचारता सखाला निरोप धाडला. अकरा वर्षांत पहिल्यांदा तो आमच्या अंगणात पोपटीला बसला. माधवीपण आली.

मी म्हटलं, माझं पोट बरं नाही. कोणी ऐकलं नाही.

सखाने शेंग सोलली, तोंडात टाकली, डोळे मिटले. म्हणाला, वयनी, कुठला गं वाल, गोड हाय? सोनाबाई म्हणाली, तुझ्या दादालाच विचार, त्यानं आणलाय. मी म्हटलं, शेतातला. सखा म्हणाला, तुझा वाल एवढा गोड कधी झाला रं? माझं खत उडून आलं जणू.

सगळे हसले. मीही हसलो. घशात शेंगेची शीर अडकली, खोकून खोकून डोळ्यांत पाणी आलं. सखाने पाठीवर थापट्या मारल्या. म्हणाला, हळू खा रं दादा, तुझाच हाय.

जाताना सखाने दोन मुठी शेंगा बांधून घेतल्या. घरी बायकोला देतो म्हणाला.

धुराने माझा सदरा खराब झाला. पोपटी हा प्रकार मला कधीच आवडला नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

आजचा विषय: कॉन्ट्रास्ट आणि ताण. काळ्याशेजारी पांढरं ठेवलं की डोळा ओढला जातो. आणि वस्तू चौकटीच्या अगदी कडेला नेली की बघणारा अस्वस्थ होतो. मॅडम म्हणाल्या, करून बघा, बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की आता काहीतरी होणार.

मला हे लगेच समजलं. क्लासमध्ये खऱ्या अर्थाने समजणारा मी एकटा.

४ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी

दगड आणखी दीड हात डावीकडे, चौकटीच्या कडेला. या वेळी सोपं गेलं, माती भुसभुशीत होती, सखाने मेहनतीने केलेली. वर चुन्याचा हात दिला. पांढराशुभ्र दगड, मागे हिरवा वाल. ताण अप्रतिम आला. मीच अस्वस्थ झालो.

चुना नखांत गेला. बीपी मोजलं, वरचं एकशे साठ. चुन्याने वाढत असेल.

६ फेब्रुवारी, गुरुवार

सखा आला. बांधावर उभा राहून बराच वेळ बघत होता. मी लांबूनच पाहिलं, पण त्याने हाक मारली म्हणून जावं लागलं.

म्हणाला, दादा, माझा वाल कोणी उपटला रं? मी म्हटलं, डुकरं. म्हणाला, डुकरं मुळं खातात, ही मुळं टाकून दिलीत. मी म्हटलं, मग फार्महाऊसवाली मुंबईची माणसं असतील, त्यांना वेल कुठला, गवत कुठलं, काय कळतं? हे मी इतक्या तिटकाऱ्याने म्हटलं की मला स्वतःलाच पटलं. काय ती माणसं. बांधावर बसतात, बिअर पितात, बाटल्या फोडतात.

मग म्हणाला, दगडाला चुना लावलास? म्हटलं, तुझ्या घरी लग्न आहे, शोभा. तो खूश झाला. थोडा पुढे जाऊन परत वळला. म्हणाला, दादा, दगड इथंच होता का रं? मला जरा निराळा वाटतोय.

मी म्हटलं, दगड चालतो का कधी?

तो म्हणाला, तेपण खरंच. आणि गेला.

क्लास संपला की पहिलं काम, दगड जागेवर.

९ फेब्रुवारी, रविवार

शेवटचा वर्ग. मॅडमनी माझे सात फोटो निवडले. सात! प्रवीणचे तीन. प्रत्येकाखाली तारीख लिहायची, म्हणजे प्रवास दिसतो. माझी मालिका दाराच्या समोरच्या भिंतीवर, आत शिरताच दिसेल अशी. नाव विचारलं. मी म्हटलं, दगड. मॅडम म्हणाल्या, साधं आणि नेमकं.

प्रवीणने विचारलं, आजोबा, तुमच्या पुतणीचं लग्न आहे ना दोन मार्चला? ऑर्डर मला आहे, ड्रोनपण उडवणार. मी म्हटलं, मला कोणी सांगितलं नाही. काढायचेच होते तर फोटो मी काढले असते. बाहेरच्या माणसाला घरात घेतात आणि घरच्याला विचारत नाहीत.

१२ फेब्रुवारी, बुधवार

पत्रिका आली. सखा स्वतः घेऊन आला, वर कुंकवाच्या अक्षता. देवानंतर पहिली माझ्या घरी. आपले नम्र: आणि पहिलं नाव माझं, पूर्ण, मोरेश्वर गणू पाटील. अक्षर बारीक आहे, रंग भडक आहे, गणपती एका बाजूला कलला आहे. पण नाव पहिलं आहे.

सोनाबाईने अक्षता देवापुढे ठेवल्या आणि डोळे पुसले. मी म्हटलं, रडतेस काय, छपाईच वाईट आहे.

माधवीला ड्रोनबद्दल विचारलं. म्हणाली, काका, तुमी फोटो काढायचे नायत, तुमी फोटोत बसायचं. बाबांच्या शेजारी. मला ठेवायचाय तो फोटो.

मांडवाला बांबू कमी पडतायत असं सखा म्हणाला. माझं काम झालंच होतं, लगेच तिन्ही बांबू उपटले आणि देऊन टाकले. मनाचा मोठेपणा लागतो. खड्डे पायाने सारखे केले.

सखाला प्रदर्शनाचं बोलावणं दिलं. भावाने काय साधलंय ते त्याने बघितलंच पाहिजे. आधी नको म्हणाला, फोटो काय बघायचे. मी आग्रह केला. तीन वेळा.

दगडाचं सोमवारी बघतो.

१६ फेब्रुवारी, रविवार. दुपारी ४

लिहायला हात चालत नाही. पण लिहितो.

सखा आला. धुतलेला सदरा, खांद्यावर कोरा टॉवेल. माधवी बरोबर. मी दारातच उभा. आत नेलं, भिंतीसमोर उभं केलं. म्हटलं, हे माझं.

मॅडम आल्या. चार माणसं जमली. मॅडम सगळ्यांना सांगायला लागल्या, या मालिकेतली गंमत बघा, दगड पहिल्या फोटोत मधे आहे आणि हळूहळू डावीकडे चालत जातो, बाकी काही हलत नाही, मागचं झाड तिथेच, बांध तिथेच. न हलणारी वस्तू हलते. काका, ही कल्पना सुचली कशी? टाळ्या पडल्या. मी हसलो. मी खरंच हसलो.

सखाने डावीकडून उजवीकडे सगळे फोटो बघितले. मग उजवीकडून डावीकडे. मग चष्मा काढून टॉवेलने पुसला आणि परत बघितले. एकेका फोटोखालची तारीख बोटाने वाचली. बारा दिवसांपूर्वीच्या तारखेवर बोट थांबलं.

म्हणाला, दादा, हा आपलाच दगड ना रं?

मी म्हटलं, हे तिसऱ्या भागाच्या नियमामुळे.

म्हणाला, या फोटोत माझा वाल हाय. या फोटोत नाय. ही अठ्ठावीस तारीख. आनि एकतीसला आपण पोपटी खाल्ली.

माधवी माझ्याकडे बघत होती. मी तिला रिकामी जागा हा प्रकार समजावून सांगायला लागलो. ती म्हणाली, काका, मागितलं असतंत तर बाबांनी वेल सोता उपटून दिले असते.

सखा काही ओरडला नाही. ओरडला असता तर बरं. मॅडमना हात जोडले, म्हणाला, फोटो चांगले हायत, सगळं साफ दिसतं. आणि जिना उतरून गेला. परत न्यायला मी टेंपो सांगून ठेवला होता, त्यात बसला नाही. माधवी त्याच्यामागे.

मॅडमनी विचारलं, काका, काय झालं? मी म्हटलं, शेतकरी माणूस, त्याला कला कळत नाही.

प्रवीणने पाण्याचा ग्लास आणून दिला. आजोबा म्हणाला नाही. त्याचा मला जास्त राग आला.

१७ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी

दगड परत ठेवायला गेलो. जुना खड्डा मीच बुजवलाय, वर गवत आलंय. बांबू असते तर कॅमेऱ्यातून बघून अचूक जागा काढली असती. बांबू सखाच्या मांडवात आहेत. बांबूचे खड्डे मीच सारखे केलेत.

फोटो हातात धरून, मागच्या झाडावरून अंदाज घेतला. एक पाऊल मागे गेलो की दगडाची जागा हातभर सरकते. तीन ठिकाणी खणलं. दोन ठिकाणी गोम.

चौतीस वर्षं काट्यावर काढलेला माणूस. शेवटी अंदाजाने ठेवला.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

सखा बांधावर आला. भावकीतले दोघे बरोबर होते. त्यांनी दोरी आणली होती. सखाने दोरी लावूच दिली नाही.

मी म्हटलं, बघ, जागेवर ठेवला. एकाने पावलं टाकली, म्हणाला, अजून हातभर सखाच्यात हाय. मी म्हटलं, असं कसं, मी फोटोवरून ठेवलाय. तो दुसरा फिदीफिदी हसला. म्हणाला, मग अजून एक फोटो काढा दादा, सरकेल.

मी सखाला म्हटलं, तू सांग कुठे ठेवू. तिथे ठेवतो. आत्ता ठेवतो. पहार हातात होती.

सखा म्हणाला, कुठंबी ठेव. तुला पायजे तिथं. हातभर जमिनीनं मला काय होतंय रं? अकरा वर्षं मी ह्या दगडापायी तुझ्याशी बोललो नाय. माधवीनं आणून बसवलं म्हणून बसलो. तू मला घरी बोलावून माझेच वाल चारलेस आनि मी त्याचं कवतिक केलं.

मग म्हणाला, चला रं. आणि तिघे गेले.

एक शिवी दिली असती तर मीही चार दिल्या असत्या. हा काय प्रकार आहे भांडायचा? बेचव.

२३ फेब्रुवारी, रविवार

क्लास संपला म्हणून जायला ठिकाण नाही.

बाजारात गेलो तर दुकानाच्या काचेवर पत्रिका लावलेली. नवीन छापलीये. रंग बरा आहे, गणपती सरळ आहे. आपले नम्र: सखाराम गणू पाटील. त्याच्यावर कोणी नाही. दोनदा वाचली. दुकानदार म्हणाला, चष्मा देऊ का?

सोनाबाईला सांगितलं नाही. तिला आधीच ठाऊक होतं. म्हणाली, अवं, जाऊन पाय धरा. मी म्हटलं, थोरल्याने धाकट्याचे? ती म्हणाली, मग बसा थोरले होऊन.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

माधवी आली होती. मी पडवीत होतो. माझ्या समोरून आत गेली. सोनाबाईच्या हातावर अक्षता ठेवल्या, म्हणाली, काकू, हळदीपासून यायचं. परत जाताना माझ्यापाशी थांबली. मला वाटलं, मूठ उघडेल. मूठ रिकामी होती. म्हणाली, काका, मी बाबांना सांगून बघितलं. ते म्हणतात, त्याला विचार, फोटोत कुठं बसणार, डावीकडं की उजवीकडं.

मी म्हटलं, कुठेही.

ती गेल्यावर बीपी मोजलं नाही.

२ मार्च, रविवार. सकाळी १०.४०

सोनाबाई सात वाजताच गेली. नवी साडी, तोंडाला पावडर. म्हणाली, भाजी केलीये, भात तेवढा लावा. मी म्हटलं, मला यायचंही नव्हतं. लग्नातलं जेवण म्हणजे तेलाचा तवंग, घाम, लाऊडस्पीकर, रांगेत धक्के, प्रवीणचं ते ड्रोन डोक्यावर माशीसारखं. कोण जाईल? ती म्हणाली, कोणी बोलावलंच नाय, मग कंटाळा कशापायी?

इथपर्यंत सनई ऐकू येते. रेकॉर्डच आहे, खरी नाही.

इस्त्रीचा सदरा घालून बसलोय. जायचं म्हणून नाही. घातलाय एवढंच.

सखा, आता तुलाच लिहितो, दुसऱ्या कोणाला लिहू? दगड मी हलवला. दोन वेळा. शेवटचा परत ठेवताना धरला तर तीन. वाल मी उपटला. मागितला नाही, कारण मागितला असता तर तू दिला असतास आणि मग मला तुझं काहीतरी घ्यावं लागलं असतं. तिसऱ्या भागाचा नियम असा आहे की वस्तू मधोमध ठेवली की… राहू दे. नियम नको. बांधाच्या टोकापर्यंत हवं तर सगळं तू घे, वालासकट.

पुढची खुर्ची नको. मागे, बायकांच्या पलीकडे, आचाऱ्याजवळ बसेन. फोटोत नको. कोणाला मी दिसणारही नाही. फक्त अक्षता टाकतो आणि जातो.

मुहूर्त बारा वाजून दहाचा आहे. आमच्या दारातून तुझ्या दारात चालत बारा मिनिटं लागतात, मी हळू चालतो म्हणून पंधरा धर. सोनाबाईला सांग, नाहीतर कोणालाही पाठव, नुसती मान हलवली तरी मला समजेल. पण लवकर पाठव रं. साडेअकराच्या आत निरोप आला पाहिजे, चपला मी दाराकडे तोंड करून काढून ठेवल्यात.